तामार आणि रूथ: धीटपणामागचा कायदा

हिब्रू शास्त्रातल्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथातल्या (ख्रिस्ती बायबलचा जुना करार), बायका म्हणजे सोशिक आणि आज्ञाधारक, असा एक सर्रास समज आहे. मूळ गोष्टी वाचायला घेतल्या की तो फार वेळ टिकत नाही. रिबका दृष्टी गेलेल्या नवऱ्याला फसवून धाकट्या मुलाला आशीर्वाद मिळवून देते. राहाब इस्राएली हेरांना घराच्या धाब्यावर, जवसाच्या काडाखाली लपवते. याएल तर दमून आलेल्या सीसरा या शत्रूच्या सेनापतीला दूध पाजते आणि तो झोपल्यावर तंबूची मेख त्याच्या कानशिलात ठोकते. कथाकार यांपैकी कुणालाच बोल लावत नाही.

याचं मूळ त्या काळच्या वारसाहक्कात आहे. जमीन बापाकडून मुलाकडे जाई. सलाफहादच्या पाच मुलींनी इस्राएलचा नेता मोशे याच्यापुढे उभं राहून बापाचा वाटा मिळवला खरा, पण भाऊ नव्हता म्हणून. विधवेचं नाव वारसांच्या क्रमात नव्हतंच. नवरा निपुत्रिक वारला तर दिराने तिच्याशी लग्न करायचं आणि पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावावर लागायचा. सोय चांगली, पण सासरचे पुरुष तयार असतील तरच.

तामारच्या वाट्याला हेच आलं. तिचा नवरा, यहूदाचा थोरला मुलगा एर, वारला, मग दीर ओनानही. सासऱ्याने, म्हणजे यहूदाने, तिसरा मुलगा शेला मोठा होईपर्यंत म्हणून तिला माहेरी धाडलं आणि विषय सोडून दिला. पुढे तो मेंढरांच्या लोकर-कातरणीसाठी तिम्नाला निघाला, तेव्हा ती तोंडावर बुरखा घेऊन वाटेत बसली. त्याने तिला वेश्या समजून करडू कबूल केलं. तिने तारण मागितलं: मुद्रा, गोफ आणि हातातली काठी. आजच्या हिशेबाने ओळखपत्र आणि सहीच! तीन महिन्यांनी ती गरोदर असल्याचं कळलं, तसा यहूदा म्हणाला, जाळा तिला. तिने आरडाओरडा केला नाही. त्या तीन वस्तू पाठवल्या आणि कुणाच्या आहेत ते ओळखा, एवढंच कळवलं. यहूदाला कबूल करावं लागलं, की माझ्यापेक्षा हीच न्यायी आहे.

मवाब देशातली रूथही निपुत्रिक विधवा. तिचा मार्ग सौम्य, पण पेच तोच. शेतात गळालेली कणसं गरिबांसाठी सोडायची, हा नियम होता. त्या आधारावर ती सासरच्या नात्यातल्या बवाजच्या शेतात सरवा वेचते. मग रात्री खळ्यावर जाऊन त्याच्या पायांवरचं पांघरूण सारते आणि लग्नाचं स्वतःच काढते. दोघींच्या वंशात दावीद राजा जन्मला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या गोष्टी हिब्रूतून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या, हेही इथे आठवतं.

नंतरच्या धर्मपंडितांची आवड निराळी होती. तालमूदने, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथाने, सात स्त्रियांना संदेष्ट्या मानलं: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर. यात तामार नाही, रूथही नाही. मात्र इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाने, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहाने, तामारची कथा सभास्थानात (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) वाचावी आणि लोकांना कळेल अशा भाषेत सांगावीही, असा निर्वाळा दिला. यात यहूदाची अब्रू जाते, ही शंका तालमूदमध्ये आलीच. त्यावरचं उत्तर असं, की त्याने चूक कबूल केली, हे त्याला भूषणच आहे.