नर्सिंगची मूलतत्त्वं

नर्सिंगची मूलतत्त्वं म्हणजे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगला सुरुवातीलाच जो 'फाउंडेशन' नावाचा विषय असतो ना तो, म्हणजे पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर काय करायचं, का करायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं याचे नियम. पोरं हा विषय फार हलक्यात घेतात, कारण पुस्तक उघडलं की बेड कसा लावायचा, हात कसे धुवायचे, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं असलंच सगळं दिसतं आणि डोळ्यापुढे तर आयसीयू, व्हेंटिलेटर आणि परदेशातली नोकरी नाचत असते. पण वॉर्डात पेशंट बिघडतो तो बऱ्याचदा याच साध्या गोष्टी राहून गेल्यामुळे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतच आहे. केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमध्येच हल्ला झाला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या १८ मे २०१५ ला जाईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त, केईएममध्येच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना सांभाळलं तिथल्या सिस्टर लोकांनी, बॅचमागून बॅच, अगदी १९७३ साली ज्या जन्मल्यापण नव्हत्या त्यांनीसुद्धा. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात त्यांच्या इच्छामरणाचा खटला चालला तेव्हा सगळा देश कायद्यावर वाद घालत होता, पण नर्सिंगच्या माणसाचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं, ते म्हणजे इतकी वर्षं पडून राहूनही अंगावर एकही बेडसोअर (पडून राहून कातडीला होणारी जखम) नाही. यात कुठलं मशीन नव्हतं आणि कुठलं महागडं औषधही नव्हतं, वळवणं, पुसणं, भरवणं आणि चादर ताणून लावणं एवढंच होतं, फक्त ते न चुकता होत होतं.

बेडसोअर का होतो हे एकदा नीट समजलं की अर्धा विषय समजतो. हाडाच्या टोकावर, म्हणजे माकडहाडाच्या वर, टाचा, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, इथे कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाते, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि तेवढा भाग उपाशी राहून मरतो. म्हणून दर २ तासांनी पोझिशन बदलायची. पण नुसतं वळवून भागत नाही, चादरीची एक घडी राहिली, पोळीचा चुरा राहिला, लघवीने ओलं झालेलं तसंच राहिलं किंवा पेशंटला न उचलता फरफटत वर ओढलं तरी कातडी जातेच. आधी लालसर डाग दिसतो, आणि तो दिसला की जुन्या सिस्टर स्पिरिट लावून जोरात चोळायच्या, आता ते करत नाहीत, लाल झालेल्या कातडीवर चोळल्याने आतलं आणखी फाटतं. धोका मोजायला ब्रेडन स्केल वापरतात, ६ ते २३ गुण, गुण जितके कमी तितका धोका जास्त (परीक्षेत हे हमखास उलटं लिहितात).

कुठून आलं हे सगळं

आधुनिक नर्सिंगची सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सांगतात. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात ती ३८ बायका घेऊन इस्तंबूलजवळ स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचली, तिथे जखमांपेक्षा जुलाब, टायफस, कॉलऱ्याने जास्त सैनिक मरत होते, गटारं तुंबलेली, हवा कोंडलेली, चादरी मळलेल्या. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावाचं ट्रेनिंग स्कूल निघालं. दिव्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि लॅम्प लायटिंगला (दिवा लावून शपथ घ्यायच्या कार्यक्रमाला) सगळ्या मुली रडतात, पण तिचं खरं काम आकड्यांचं होतं, कोण कशाने मेलं याचा हिशोब तिने मांडला आणि सरकारपुढे ठेवला. माझ्या मते चार्टिंगचा, म्हणजे पेशंटच्या नोंदी लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी दिव्यापेक्षा हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि परिचारकाला चार गुण हवेत: उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याबद्दल माया आणि स्वच्छता. पण पगारी धंदा म्हणून हे काम करायला मध्यमवर्गीय मराठी घरातल्या बायका बराच काळ तयार नव्हत्या, परक्या पुरुषाला हात लावायचा, कुठल्या जातीचा ते माहीत नाही, घाण काढायची, घरचे पाठवायचेच नाहीत. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या बायका, त्यात विधवा बऱ्याच, ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला जायला लागल्या, हा मोठा बदल होता.

अभ्यासक्रमात अजून एक नाव येतं ते व्हर्जिनिया हेंडरसनचं, तिने माणसाच्या १४ मूलभूत गरजा मांडल्या, श्वास, खाणंपिणं, मलमूत्र, झोप, कपडे इथपासून ते पूजाअर्चा, काम, खेळ आणि शिकणं इथपर्यंत. १४ च्या १४ पाठ करतात आणि तिचं मुख्य म्हणणं विसरतात. तिचं म्हणणं असं, की अंगात ताकद, इच्छा आणि माहिती असती तर पेशंटने जे स्वतःच केलं असतं त्यात त्याला मदत करायची, आणि लवकरात लवकर त्याला आपली गरजच उरू नये असं बघायचं. म्हणजे पॅरालिसिसचे आजोबा डाव्या हाताने सांडत सांडत का होईना वरणभात खात असतील तर चमचा हिसकावून घ्यायचा नाही, बाजूला उभं राहायचं. यावरून नातेवाईक हमखास म्हणतात की सिस्टर नुसत्या उभ्या राहून बघतात! त्यांना समजावून सांगणं हेही कामातच येतं.

प्रत्येक प्रोसिजरमागची सहा तत्त्वं

वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत विचारतात ती ही सहा: सुरक्षितता, उपचाराचा उपयोग, आराम, वेळ आणि सामानाची बचत, कामातली सफाई, आणि प्रत्येक पेशंटचं वेगळेपण. नुसती पाठ करून काही कळत नाही, एक बेड स्पंजिंग, म्हणजे अंथरुणातच पेशंटचं अंग पुसणं घ्या. आधी सगळं सामान ट्रेमध्ये लावून न्यायचं, नाहीतर ओल्या अंगाचा पेशंट सोडून टॉवेल शोधत पळावं लागतं (बचत आणि सुरक्षितता दोन्ही गेल्या). पंखा बंद, स्क्रीन लावलेला, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा. डोळे आतल्या कोपऱ्यापासून बाहेर पुसायचे, हातपाय पुसताना बोटांकडून वर जायचं म्हणजे रक्त हृदयाकडे परतायला मदत होते, गुप्तांग सगळ्यात शेवटी आणि पाणी बदलून. आणि वेगळेपण म्हणजे काय तर एखाद्या आजीला मुलगा ट्रेनी नको असेल तर नको, वाद घालायचा नाही, मैत्रिणीला बोलवायचं. पुसता पुसता कातडी, नखं, सूज, डाग सगळं बघून होतं, म्हणून स्पंजिंग मावशींवर सोडून देणाऱ्या सिस्टरला आपल्याच पेशंटचं अंग माहीत नसतं.

हात धुणं. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवून दिलं की शवविच्छेदन करून आलेल्यांनी क्लोरिनच्या पाण्यात हात धुतले की बाळंतिणी कमी मरतात, आणि तेव्हा लोकांनी त्याचं ऐकलं नाही. आता जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण शिकवतात: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त किंवा स्राव लागायची शक्यता असेल त्यानंतर, पेशंटला हात लावल्यानंतर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हाताला चोळायच्या सॅनिटायझरने) २० ते ३०. नवीन लग्न झालेल्या मुलींचा हिरवा चुडा हा दरवर्षीचा वादाचा विषय, सासूबाईंना काय सांगू म्हणतात, पण बांगडीखाली साबण जात नाही, ड्युटीपुरता तरी काढावाच लागतो. आणि ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायला सुट्टी असं नाही.

टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. तोंडात थर्मामीटर लावायच्या आधी चहा झालाय का ते विचारायचं, सकाळी ६ च्या राउंडला अर्धा वॉर्ड चहा पीत असतो, झाला असेल तर २०-३० मिनिटं थांबायचं. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो मुद्दाम वेगळा घेतो, म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगटावरचं बोट तसंच ठेवायचं आणि नजर छातीवर न्यायची. सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा आकडा हाच, चार्ट उघडा, अख्ख्या वॉर्डाचा श्वास १८ किंवा २०. मी पण विद्यार्थी असताना मागचं बघून २० लिहिलं होतं, आमच्या ट्यूटरने चार्ट बाजूला ठेवला, पेशंटच्या अंगावरचं पांघरूण खाली केलं आणि म्हणाल्या मोज आता, ३४ भरले. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा श्वास आधी वाढतो, बीपी नंतर पडतं, म्हणून या आकड्याचा कंटाळा महागात पडतो.

औषधं देताना

पाच 'बरोबर' असतात: बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग (तोंडाने की इंजेक्शनने), बरोबर वेळ, पुढे त्यात बरोबर नोंद वगैरे वाढवून काही जण दहापर्यंत नेतात. लेबल तीनदा वाचायचं, उचलताना, भरताना आणि देण्याआधी. यात पहिलाच 'बरोबर' सगळ्यात जास्त फसवतो. एका वॉर्डात दोन शिंदे असतातच, आणि आपण विचारतो "आजोबा, तुम्ही शिंदे ना?" ज्यांना ऐकू येत नाही ते आजोबा प्रेमाने मान हलवतात. म्हणून "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि केस पेपर किंवा हातावरचा बँड बघायचा, बेड नंबरवर तर कधीच जायचं नाही, दुपारी बेड बदललेला असतो. दुसऱ्याने भरून ठेवलेली सिरिंज आपण द्यायची नाही, कितीही जवळची मैत्रीण असली तरी.

आपल्याकडचा एक खास धोका इन्सुलिनचा. भारतात वायलमधलं (छोट्या बाटलीतलं) इन्सुलिन बरंचसं ४० युनिटवालं असतं, म्हणजे १ मिलीमध्ये ४० युनिट, आणि काही १०० युनिटवालंही मिळतं, दोघांच्या सिरिंज वेगळ्या, लाल टोपी ४० ची, केशरी टोपी १०० ची. १०० चं औषध ४० च्या सिरिंजने खुणेप्रमाणे ओढलं तर अडीचपट डोस जातो आणि पेशंटची शुगर कोसळते.

सलाईनचा हिशोब डोक्यात बसवावा: मिली गुणिले एका मिलीचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा (म्हणजे नळीतून १ मिलीचे २० थेंब पडतात), तर १०,००० भागिले २४०, मिनिटाला साधारण ४२ थेंब. सुई वापरून झाली की परत टोपी घालायची नाही, सुई टोचायच्या घटना यात फार होतात. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांनी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे रंग ठरलेत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नका, साबणपाण्याने धुवा आणि लगेच इनचार्जला सांगा, एचआयव्हीसाठीची औषधं पहिल्या २ तासांत सुरू झालेली बरी आणि ७२ तासांनंतर उपयोग नसतो. ओरडा खाऊ या भीतीने मुली लपवतात, तसं करू नका.

नर्सिंग प्रोसेस, गोपनीयता, नोंदी

प्रोसेसच्या पाच पायऱ्या आहेत, माहिती घेणं, नर्सिंग निदान, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. डॉक्टरचं निदान न्यूमोनिया असतं, आपलं निदान 'कफ सुटत नसल्यामुळे श्वासमार्ग मोकळा न राहणं' असं असतं, कारण आपण जे करणार ते कफावर करणार, बसवणं, पाणी पाजणं, वाफ, खोकायला शिकवणं. केअर प्लॅन सिनियरच्या वहीतून उतरवतात हे सगळ्या ट्यूटरना माहीत असतं.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये पहिली आचारसंहिता स्वीकारली, पेशंटचा मान आणि गोपनीयता हा त्यातला गाभा. आता यात मोबाईल आलाय. वॉर्डात रील काढताना मागे कुणाचा तरी बाप उघड्या अंगाने झोपलेला असतो. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तर पेशंटच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई आहे, बेडला पाटी लावणं सोडाच, हँडओव्हरमध्ये (ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना) नातेवाईकांसमोर मोठ्याने बोलणंसुद्धा चूकच. नोंदीचं म्हणाल तर लिहिलं नाही म्हणजे केलं नाही असं धरतात, आणि चुकलं तर एक आडवी रेघ, सही, व्हाइटनर नाही.

कागदावरचं आणि वॉर्डातलं

भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने आली, आपल्याकडे कोर्स झाला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन करावं लागतं, त्याशिवाय नोकरी करता येत नाही. परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ आणि बाकी ठिकाणी ५ मागे १ परिचारिका हवी. सरकारी वॉर्डात नाईटला गेलेल्या कुणालाही यावर हसू येईल, एक सिस्टर, एक मावशी आणि खाली गादीवरचे धरून चाळीसेक पेशंट. अशा वेळी दर २ तासांनी वळवणार कोण?

इथे एक गोष्ट मूळ इंग्रजी पुस्तकांत फारशी नसते, ती म्हणजे बेडखाली चटई टाकून झोपलेला नातेवाईक. आपल्याकडे निम्मं नर्सिंग तोच करतो, आणि त्याला नीट शिकवणं हे मी सातवं तत्त्व धरते. संध्याकाळच्या ड्युटीला १० मिनिटं काढायची, पेशंटला चादरीसकट दोघांनी कसं वळवायचं, पाठीमागे उशी कुठे लावायची, टाच अधांतरी कशी ठेवायची ते त्याच्याच हातून एकदा करून घ्यायचं. मग औषधाच्या रिकाम्या खोक्यावर ८, १०, १२, २ असे आकडे लिहून खोका लॉकरवर ठेवायचा आणि सांगायचं की वळवलं की टिक करा. सकाळच्या राउंडला आधी खोका बघायचा आणि मग पाठ.