पेच किती आवळायचा?

परवा भाचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवलेली एअर रायफल घेऊन आला. "मामा, स्कोप बिघडलाय. सकाळी झिरो करतो, नेम जुळवून घेतो, आणि वीस छर्ऱ्यांत निशाण डावीकडे सरकतं." मी स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या दोन रिंगा उघडल्या. स्कोपच्या काळ्या नळीवर रिंगेच्या कडेचा वळ उमटला होता. चारपैकी तीन पेच जीव खाऊन पिळलेले, चौथा बोटानेही फिरत होता. स्कोप बिचारा धडधाकट!

पेच म्हणजे खरं तर एक कडक स्प्रिंग. आवळला की तो किंचित लांबतो, आणि त्या ताणामुळेच रिंग नळीला धरून राहते. 4 मिलिमीटरच्या पेचाला 2 न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, दिला, तर साधारण 250 किलो वजनाइतका ताण येतो. आपल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणाच्या वाट्याला येतो. बाकी सगळा पेचाच्या डोक्याखाली आणि आट्यांमध्ये घर्षणात जातो. म्हणून आट्यांना तेल लागलं, की त्याच पिळात ताण 330 किलोपर्यंत चढतो. टॉर्क रेंच, म्हणजे पीळ मोजून आवळायचा पाना, पीळ मोजतो, ताण नाही, हे इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत इतकी वर्षं नट-बोल्टांत काढून मी शिकलो. आटे आधी स्पिरिटने पुसून कोरडे करायचे ते यासाठी.

इथे चूक किती महागात पडते? दोन रिंगांत 10 सेंटिमीटर अंतर असेल आणि एकीत नळी फक्त 0.02 मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर छर्रा 2 मिलिमीटर बाजूला जातो. स्पर्धेच्या टार्गेटवर दहाचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यात स्प्रिंगने चालणारी एअर रायफल आतल्या पिस्टनमुळे आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते.

मग रेंच हवाच का? माझं मत : दस्त्याच्या (रायफलच्या लाकडी मुठीच्या भागाच्या) पेचांना सरावलेला हात चालतो, स्कोपच्या रिंगांना छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्यावा. गाडीच्या चाकाचे नट शंभरेक न्यूटन-मीटरला आवळतात. त्यांचा रेंच इथे कामाचा नाही. इंदूरच्या सियागंज बाजारातून टॉर्क स्क्रूड्रायव्हर आणेपर्यंत ॲलन कीचा (षटकोनी, L आकाराच्या चावीचा) लांब दांडा पेचात घालून आखूड टोकाने फिरवा. ते टोक 2 सेंटिमीटरचं असेल तर 2 न्यूटन-मीटरला 10 किलोचा जोर लागतो, अंगठा दुखायला लागतो. तिथे थांबा.

भाच्याने चारही पेच तिरप्या क्रमाने, आलटून पालटून थोडे थोडे करत आवळले. निशाण आता जागचं हलत नाही. नळीवरचा वळ मात्र तसाच आहे.