डॉइचर बुंड: जर्मन राहायला ब्रिटिश झालेल्यांचा पक्ष

नामिबियाची संसद आज विंडहूकला ज्या बिल्डिंगीत भरते तिचं नाव टिंटेनपालास्ट, शाईचा राजवाडा. तेव्हा हा मुलूख जर्मनीची वसाहत, म्हणून जर्मन कारकून-साहेब इथं बसून दिवसभर कागद काळे करणार म्हणून लोकांनी चेष्टेत पाडलेलं नाव. 1913 ला बांधून झाली आणि 1915 च्या जुलैत जर्मनांनी खोराब या गावी साउथ आफ्रिकेचे पंतप्रधान बोथा यांच्या फौजेपुढे हत्यारं टाकली, राज्यच गेलं. पहिल्या महायुद्धानंतर जवळपास निम्म्या जर्मनांना बोटीत बसवून परत धाडलं, उरलेले शेतं-दुकानं धरून तिथंच राहिले, आणि 1920 ला लीग ऑफ नेशन्सनं तो मुलूख साउथ आफ्रिकेच्या हवाली केला.

आता खरी गंमत. साउथ आफ्रिका तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात, म्हणून मत हवं तर ब्रिटिश प्रजाजन असायला पाहिजे. 1923 ला लंडनमध्ये साउथ आफ्रिकेच्या स्मट्स सरकारशी जर्मनीची बोलणी झाली आणि 1924 ला कायदाच आला की तिथल्या सगळ्या जर्मनांना सरसकट ब्रिटिश नागरिकत्व, ज्याला नको त्यानं सहा महिन्यांत लेखी कळवावं. बहुतेकांनी काही कळवलं नाही. जर्मनी म्हणाली आमचंही नागरिकत्व राहू दे, वर 30 वर्षं जर्मनीविरुद्ध लढायला बोलवणार नाही अशी सवलत!

त्याच वर्षी डॉइचर बुंड उभा राहिला. मागणं साधं, शाळा-कचेऱ्यांत जर्मन भाषा हवी आणि हा मुलूख साउथ आफ्रिकेचा पाचवा प्रांत करू नका. 1926 ला तिथल्या विधिमंडळ सभेच्या पहिल्या निवडणुकीत 12 पैकी 7 जागा मारल्या, पण आणखी 6 जण सरकारच नेमणार होतं, म्हणजे 18 मध्ये 7, आणि रेल्वे, कोर्टं, नेटिव्ह लोकांचा कारभार हे सगळं सभेच्या हाताबाहेरच. मतदार कोण, तर फक्त गोरे पुरुष. तिथल्या ज्या मूळच्या हेरेरो-नामा लोकांची जर्मनांनी 1904 ते 08 मध्ये कत्तल करून जमिनी घेतल्या, त्यांना या भांडणात कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग 1927 ला विरोधक एक झाले, 1928 पासून अंगोलातून दोनेक हजार बोअर (डच वंशाचे गोरे) आणून वसवले, आणि 1929 ला बुंडचं बहुमत गेलं ते गेलंच. पुढं हिटलर आला. 1934 ला तिथल्या नाझी शाखेवर बंदी पडली तर ती हवा बुंडमध्येच शिरली, शेवटी 1937 ला बुंडही गुंडाळला. दुसऱ्या महायुद्धात कित्येक जर्मन पुरुष साउथ आफ्रिकेतल्या अंडालुसिया नावाच्या कॅम्पात डांबले गेले, आणि 1924 ला सरसकट वाटलेलं ते नागरिकत्व सरकारनं 1942 ला कायदा करून सरसकटच काढून घेतलं.