ड्रोनचा आवाज नुसत्या डेसिबलमध्ये मोजून चालणार नाही

हल्ली अधूनमधून कुठल्यातरी शहरात ड्रोनने औषधं पोचवली, पार्सल पाठवलं अशी बातमी येते आणि लोकांच्या दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात, एक म्हणजे "चला, ट्रॅफिकची कटकट मिटली" आणि दुसरी "डोक्यात पडला तर?" पहिलीत काही दम नाही, कारण जेमतेम काही किलो उचलणारी ही यंत्रं, त्यांनी रस्त्यावरचे ट्रक आणि टेम्पो कमी होणार नाहीत. दुसरी भीती रास्त आहे आणि त्यावर निदान नियम तरी आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे झोन केलेत, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तीच मर्यादा २०० फूट होते. पण ड्रोन रोजचे झाले की शहरात खरी बोंब होणार ती आवाजावरून, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं.

ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या बोनिथन नावाच्या उपनगरात २०१८ मध्ये विंग या गूगलच्या भावंड कंपनीने ड्रोनने घरपोच सामान द्यायची चाचणी घेतली. खाण्याचे पदार्थ, कॉफी, औषधं मिनिटांत दारात! तरी रहिवासी वैतागले, विरोधासाठी गट स्थापन झाला, प्रकरण तिथल्या विधानसभेच्या चौकशीपर्यंत गेलं. तक्रारीत आवाज सगळ्यात वर होता. कंपनीला पंखे नव्याने डिझाइन करावे लागले.

आता कोणी म्हणेल, रस्त्यावरची बाइक याहून जोरात वाजते की. बरोबर आहे, वाजते. पण नासाच्या लँग्ली केंद्रात २०१७ मध्ये लोकांना ड्रोनचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकवले, तेव्हा डेसिबल सारखे असूनही ड्रोनचा आवाज लोकांना जास्त त्रासदायक वाटला. असं का होत असेल, हा मला या सगळ्या विषयातला सगळ्यात भारी भाग वाटतो.

समजा ड्रोनच्या पंख्याला दोन पाती आहेत आणि तो मिनिटाला ६००० फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला १०० फेरे, दर फेऱ्याला दोन पाती, म्हणजे हवेला सेकंदाला २०० ठोके. हा झाला २०० हर्ट्झचा मूळ सूर, त्यावर ४००, ६००, ८०० असे पटीतले सूर चढत जातात. आता असे चार पंखे आहेत आणि ते चारही कधीच एका वेगाने फिरत नाहीत, कारण ड्रोनला तोल सांभाळायला, वळायला, वाऱ्याला तोंड द्यायला स्टिअरिंग वगैरे काही नसतं, फक्त पंख्यांचे वेग कमीजास्त करायचे एवढंच त्याच्या हातात असतं. मग एक पंखा २००, दुसरा २०६, तिसरा १९७. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की जो हेलकावा ऐकू येतो तोच इथे होतो, २०० आणि २०६ एकत्र वाजले की सेकंदाला ६ हेलकावे. तानपुरा जुळवला की हेलकावा थांबतो, ड्रोनचा मात्र कधीच जुळत नाही, सेकंदाला कित्येकदा वेग बदलतच असतो. घरातल्या छताच्या पंख्याचा एकसुरी आवाज आपण पाच मिनिटांत विसरतो, सतत बदलणारा आवाज विसरता येत नाही, लक्ष पुन्हापुन्हा तिकडे जातं. लग्नाच्या हॉलबाहेर ड्रोनवाला शूटिंग करत असेल तेव्हा नीट ऐका, वाऱ्याची झुळूक आली की ड्रोन जागेवरच असतो पण सूर मात्र चिरकतो.

आणि शहरात वारा सरळ वाहतच नाही. उंच बिल्डिंगवर आपटून तो भिंतीवरून खाली येतो, कोपऱ्यांवरून भोवरे सुटतात. म्हणजे जिथे माणसं जास्त, तिथेच ड्रोनची धडपड जास्त आणि चिरकणंही जास्त.

यावर उपाय आहे. पंख्याचा ड्रोन उचलून धरायचा जोर पात्याच्या टोकाच्या वेगाच्या वर्गावर आणि व्यासाच्या वर्गावर ठरतो, आवाजाची ऊर्जा मात्र टोकाच्या वेगाच्या साधारण पाचव्या-सहाव्या घाताने वाढते. म्हणून पाती सव्वापट लांब केली तर तेवढ्याच जोरासाठी टोकाचा वेग २० टक्के कमी चालतो (फेरे ६००० वरून ३८४० वर येतात), आवाज साधारण ५ डेसिबल उतरतो आणि मूळ सूर २०० वरून १२८ हर्ट्झवर येतो, जो कानाला कमी टोचतो. गणित कंटाळवाणं वाटलं तर एवढंच धरा, मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा शहराला परवडतो.

आता कायद्याचं बघू. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती सरासरी आहे. तासाभरात ५० डेसिबलच्या शांत गल्लीवरून २० सेकंद ६५ डेसिबलचा ड्रोन गेला तर सरासरी होते ५०.७! कागदावर काहीच घडलं नाही, पण दुपारी झोपलेलं बाळ उठलं. म्हणून एकेका फेरीचा कमाल आवाज आणि दिवसातल्या फेऱ्या, दोन्हींवर वेगळी मर्यादा हवी. मार्ग ठरवताना हमरस्त्यांवरून नेले तर खालच्या गोंगाटात आवाज लपतो, पण सुरक्षेचे नियम म्हणतात माणसांवरून नेऊ नका. ही ओढाताण खरी आहे आणि ती नगरनियोजन करणाऱ्यांनी नकाशा पुढ्यात घेऊन सोडवायची आहे, कंपनीने परस्पर नाही.

जाताजाता एक सांगायलाच हवं. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, पुणे ग्रामीणमध्ये रात्री ड्रोन दिसतात, चोर घरं हेरतायत अशा अफवांनी लोक रात्र-रात्र जागले. आकाशात काय उडतंय, कोणाचं, हे गावाला कळायची सोय नसली की असंच होणार. ड्रोनने स्वतःची ओळख प्रसारित करावी आणि ती साध्या मोबाइलवर कोणालाही बघता यावी, हीसुद्धा शहराच्या तयारीतलीच गोष्ट आहे.

राहिला सामान उतरवायचा प्रश्न. विंगचा ड्रोन अंगणावर साधारण ७ मीटरवर थांबून दोरीने पुडकं सोडतो. आपल्याकडे अंगण कुठलं, गच्ची! तिथे टाक्या, डिश, केबलच्या वायरी, वाळत घातलेले कपडे, आणि संक्रांतीच्या आसपास मांजा. शिवाय ७ मीटर म्हणजे वरच्या मजल्याच्या बेडरूमच्या डोक्यावरच. सोसायटीने उतरवायची जागा ठरवताना सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आधी विचारावं आणि परवानगी देण्याआधी आवाजाची चाचणी त्यांच्याच खिडकीत बसून, वारा असलेल्या दिवशी घ्यावी.