काळविटाचा वीण हंगाम आणि लेन्सचं अंतर

फेब्रुवारीत येवला तालुक्यात रांगडा कांदा निघत असतो, हरभरा घाट्यांवर आलेला असतो आणि राजापूर-ममदापूरच्या माळावर काळविटांच्या नरांना खायलाही फुरसत नसते. नाशिकहून येवला साधारण ८५ किलोमीटर. पहाटे चारला निघालेल्या गाड्यांमध्ये हल्ली कॅमेऱ्याच्या बॅगा वाढल्या आहेत. ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ मध्ये जाहीर झालं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५४ चौरस किलोमीटर आहे, पण कुसळी गवत, खुरटी बोर-बाभूळ आणि मध्येच घुसलेली शेतं पाहता त्याची हद्द जनावराला कळावी असं तिथे काही नाही. काळवीट कधी राखीव क्षेत्रात असतं, कधी कुणाच्या मक्यात.

वीण हंगामातला काळवीट हा छायाचित्रकाराला मोहात पाडणारा प्राणी आहे. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरं वर्तुळ आणि दोन फुटांपर्यंत वाढणारी पिळदार शिंगं. आपण सरसकट हरिण म्हणत असलो तरी चितळ, सांबर, भेकर यांच्याशी याचं नातं दूरचं आहे. त्यांची फांदेदार शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्यानं उगवतात. काळविटाची शिंगं हाडाच्या गाभ्यावर चढलेल्या कठीण आवरणाची असतात आणि जन्मभर टिकतात. म्हणूनच शिंगाचं तुटलेलं टोक वर्षानुवर्षं तसंच राहतं. या तुटक्या टोकांचा एक उपयोग पुढे सांगतो.

थंड प्रदेशातल्या हरणांचा हंगाम दिवसाच्या लांबीवर बांधलेला असतो. ब्रिटनमधली तांबडी हरणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डरकाळ्या फोडू लागतात आणि छायाचित्रकार कॅलेंडर पाहून तिथे पोहोचतात. आपल्याकडे इतकी शिस्त नाही. काळविटांमध्ये मीलन वर्षभर होऊ शकतं, पण त्याला जोर चढतो तो दोनदा: पावसाळा सरताना, आणि हिवाळा संपताना फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. गर्भारपण साधारण सहा महिन्यांचं असतं. म्हणजे एका हंगामातली पाडसं पुढच्या हंगामाच्या आगेमागे गवतात असतात. नराच्या मागे लागलेल्या छायाचित्रकारानं हे विसरू नये, कारण त्याच्या पायाखालच्या गवतात कुणीतरी दडून बसलेलं असू शकतं.

हंगामात नर करतो काय? सर्वात आधी तो जागा धरतो. जागेच्या ठरावीक ठिकाणी तो पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यांचे ढीग साचतात. डोळ्याखाली एक ग्रंथी असते. ती गवताच्या काडीला, काटकीच्या टोकाला लावून तो आपला वास ठेवतो. दुसरा नर जवळ आला की बहुतेक वेळा प्रकरण चालण्यावरच मिटतं. दोघं मान ताठ करून समांतर चालतात, एकमेकांना शिंगं दाखवतात आणि एकजण वळतो. खरी झुंज झाली तर ती थोडक्यात आटोपते. आपण ज्या टकरींचे भराभर फोटो काढतो, त्या पुष्कळदा तपकिरी, अजून न काळवंडलेल्या तरुण नरांच्या असतात. ती पोरं नरांच्याच कळपात राहून सराव करत असतात. फोटोखाली ‘मादीसाठी घनघोर युद्ध’ असं लिहिणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नराचा रंग तिसऱ्या वर्षाच्या आसपास गडद व्हायला लागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी सराव आणि युद्ध यांतला फरक बराचसा ओळखता येतो.

मादी जवळून जायला लागली की नराचा सगळा पवित्राच बदलतो. तो नाक आभाळाकडे करतो, शिंगं पाठीला टेकवतो, कान खाली पाडतो, शेपूट वर वळवतो आणि ताठ, आखूड पावलं टाकत घशातून घरघर करत तिच्याभोवती फिरतो. पाहायला हे विलक्षण असतं, पण समोरून फोटो काढला तर फक्त हनुवटी आणि गळा दिसतो. पाठीवर टेकलेल्या शिंगांची लय पकडायची तर नर बाजूनं दिसायला हवा. म्हणजे मादीच्या वाटेशी समांतर जागा आधीच धरून बसायला हवं. मादीनं नापसंती दाखवली की ती सरळ चालू लागते. शेजारी दुसऱ्या नराची जागा सुरू होते आणि पहिला हद्दीवर थांबतो. बहुतेक सकाळी एवढंच घडतं. प्रत्यक्ष मीलन काही क्षणांचं असतं आणि ते दिसेलच असं धरून जाण्यात अर्थ नाही.

इथे एक अपेक्षाभंग आधीच सांगून टाकलेला बरा. गुजरातमधल्या वेळावदरचे फोटो पाहून लोक ममदापूरला येतात. वेळावदरला एका छोट्या मैदानावर कित्येक नर शेजारी-शेजारी चिमुकल्या जागा धरून उभे असतात आणि माद्या तिथे निवडीला येतात. जीवशास्त्रात या पद्धतीला ‘लेक’ म्हणतात. वन्यजीवशास्त्रज्ञ यादवेंद्रदेव झाला आणि बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कविता ईश्वरन या दोघांनी या पद्धतीचा अभ्यास केला आहे. ईश्वरन यांच्या कामातून दिसलं की काळवीट लेक भरवतात की नाही याचा अंदाज माद्यांच्या गटांवरून सर्वात चांगला बांधता येतो. माद्या मोठ्या गटांनी असतील तर नर एकत्र गर्दी करतात. माद्या विखुरलेल्या असतील तर नरही चांगलं गवत, सावली, माद्यांचा राबता पाहून दूर-दूर जागा धरतात. अशी जागा काही हेक्टरांची असू शकते. येवल्याचा माळ शेतांनी, बांधांनी, रस्त्यांनी तुकड्यातुकड्यांत कापलेला आहे. इथे एकाच चौकटीत दहा काळे नर शोधत बसण्यापेक्षा एकच नर निवडावा आणि त्याची सकाळ पाहावी. मला तर हेच अधिक अर्थपूर्ण छायाचित्रण वाटतं.

कारण जागा राखणं महागात पडतं. हद्दीवर फेऱ्या मारायच्या, दुसऱ्या नरांना हुसकायचं, माद्यांना थोपवायचं. या सगळ्यात चरायला वेळ कमी मिळतो. अंगावरचं मांस झडतं. कुणीही नर ही जागा कायम राखू शकत नाही. थकला की तो नरांच्या कळपात परततो आणि दुसरा ती बळकावतो. या ताणलेल्या जमाखर्चात आपली गाडी येऊन उभी राहते. नर मान वर करून आपल्याकडे पाहत राहिला, तर ती मिनिटं त्याच्या चरण्यातून गेली. तो जागा सोडून पळाला, तर परत येईपर्यंत जागा त्याचीच राहील याची खात्री नाही. आणि माद्या उधळून दुसरीकडे गेल्या, तर ज्यासाठी त्यानं उपास काढला तेच आपण मोडलं.

म्हणून ‘किती मीटर लांब राहावं’ या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. रोज ट्रॅक्टर, बैलगाडी, मेंढरं पाहणारं काळवीट बांधावरच्या शेतकऱ्याला फारसं बिचकत नाही. तेच काळवीट थेट आपल्या दिशेनं येणाऱ्या, मध्येच थांबणाऱ्या, रोखून बघणाऱ्या माणसापासून दूर जातं. त्याची मुख्य भिस्त नजरेवर आहे. खुणा साध्या आहेत. चरता-चरता तोंड थांबलं आणि मान वर गेली की आपण जवळ आलो आहोत. एकाच्या जागी साऱ्या कळपाच्या माना वर झाल्या की फार जवळ आलो आहोत. तिथेच थांबावं, इंजिन बंद करावं. माना पुन्हा गवतात गेल्या तरच राहावं, नाहीतर मागे फिरावं. गाडीतून उतरून चालत जाणं टाळावं.

हवेत तरंगणाऱ्या काळविटाचा फोटो प्रत्येकाला हवा असतो. कळपातली एखादी मादी सरळ वर उसळी घेते, मग एकेकजण उसळतो आणि सगळा कळप चौखूर सुटतो. हे दृश्य सुंदर आहे यात वाद नाही, पण ती उसळी बहुधा धोक्याची सूचना असते. ती लांडग्यामुळे आली, मोकाट कुत्र्यांमुळे की आपल्यामुळे, हे फोटोत दिसत नाही. काढणाऱ्याला मात्र ठाऊक असतं. मुद्दाम गाडी घालून कळप पळवणं हा तर गंभीर प्रकार आहे. जीव तोडून धावलेल्या काळविटाच्या स्नायूंमध्ये आम्ल साचतं, शरीराचं तापमान चढतं, स्नायूंच्या पेशी फुटू लागतात आणि त्यातलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर भार येतो. पशुवैद्यक याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. जनावर त्या क्षणी पळून जातं, सुखरूप दिसतं, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी मरू शकतं. काळवीट या बाबतीत फार नाजूक आहे. त्याला पकडून हलवताना तज्ज्ञ एवढी काळजी घेतात ती यामुळेच. कायदाही इथे स्पष्ट आहे. काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावर हाकणं, त्यामागे लागणं, त्याला आमिष दाखवणं हेही येतं. हातात बंदूक असावी लागत नाही.

आता थोडं प्रकाशाबद्दल, कारण माळावरचे निम्मे फोटो तिथे वाया जातात. नऊच्या पुढे लांबच्या लेन्सनं काढलेला फोटो मऊ, वितळल्यासारखा येतो आणि माणूस लेन्सला दोष देतो. दोष हवेचा असतो. जमीन तापते, तिला लागून असलेली हवा तापून विरळ होते आणि वर चढते. गरम आणि गार हवेतून जाताना प्रकाश वेगवेगळा वाकतो. तापल्या तव्यावरून पलीकडचं पाहिलं की जसं थरथरतं, तसंच इथे दोनशे मीटर हवेतून पाहताना होतं. सहाशे मिलिमीटरची लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. शटरचा वेग १/२००० सेकंद केला तरी वाकलेला प्रकाश सरळ होत नाही. महागड्या लेन्सनं हे सुटत नाही, पहाटे पोहोचून सुटतं. जमिनीलगत कॅमेरा ठेवून काढलेला फोटो पहिल्या तासात देखणा येतो. ऊन चढल्यावर तोच कोन सर्वात वाईट, कारण प्रकाश सगळ्यात तापलेल्या थरातून येतो. तेव्हा गाडीच्या खिडकीची उंची बरी. थंडीतल्या पहाटे मात्र उलटा घोळ होतो. गाडीतली उबदार हवा खिडकीतून बाहेर पडताना लेन्सपुढेच थरथर निर्माण करते. हीटर बंद ठेवून काचा थोडा वेळ आधी उघडाव्यात.

दुसरी अडचण रंगाची. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या छटेवर आणू पाहतो. फिक्या, वाळल्या गवतात लहानसा दिसणारा नर असेल तर कॅमेरा चित्र काळवंडतो आणि पाठीवरचा केसन्केस नाहीसा होतो. काळ्या पाठीनं चौकट भरली तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि पोटाचा पांढरा भाग जळतो. जळलेला पांढरा परत मिळत नाही, काळ्यातला तपशील रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या कच्च्या फाइलमधून, थोडाफार निघतो. म्हणून पांढरा सांभाळून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, धरावं. कोवळं, बाजूनं येणारं ऊन मिळालं तर काळ्या अंगावरही स्नायूंची घडण उमटते.

जागा निवडायला लेंड्यांचे ढीग मदत करतात. नर त्यांच्याकडे परत-परत येतो, तिथे उभा राहतो, बसतोही. ढीग कुठे आहेत हे दुर्बिणीनं लांबून हेरावं, सूर्य आपल्या पाठीशी किंवा बाजूला राहील अशी रुळलेल्या वाटेवरची जागा घ्यावी आणि नराची वाट पाहावी. त्या ढिगांपर्यंत चालत जाऊ नये. जाण्याआधी वनविभागाची परवानगी आणि नेमून दिलेल्या वाटा विचारून घ्याव्यात. शेतातून जायचं तर मालकाला विचारावं. ज्याच्या हरभऱ्यात रात्री कळप चरून गेला आहे, त्याच्याशी बोलल्याशिवाय या माळाची निम्मी गोष्ट आपल्याला कळतच नाही. उघड्या विहिरीत, प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेलं हरिण अनेकदा शेतकरीच आधी पाहतो. हरणं अशी पडतात ती रात्री, किंवा कुत्रे मागे लागल्यावर पळताना. आपण दिवसा उधळलेला कळपही त्याच दिशांना धावतो.

गवतात एकटं, निश्चल बसलेलं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नसतं. जन्मानंतरचे काही दिवस मादी पिल्लाला दडवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. त्याच्याजवळ थांबलो तर ती येत नाही, आणि आपण थांबलेलो पाहून कुत्रे किंवा कावळे तिथे लक्ष घालू शकतात. त्याचा फोटो काढू नये, त्याला उचलू तर मुळीच नये. जखमी असेल तर वनरक्षकाला कळवावं आणि बाजूला व्हावं.

आणि त्या तुटक्या टोकांचा उपयोग. एकाच नराचे, तारखेसह काढलेले साधे, स्पष्ट फोटो हंगामभर जमले तर शिंगांचे पीळ, तुटलेली टोकं, फाटलेले कान यांवरून प्रत्येक नर वेगळा ओळखता येतो. कोणत्या नरानं कुठली जागा किती दिवस राखली, त्याच्यानंतर तिथे कोण आलं, पुढच्या हंगामात तो परतला का, हे त्यातून कळतं. अशा फोटोंचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, फाइलमधली जीपीएसची नोंदही काढून टाकावी; ठिकाणासह ते वनविभागाकडे द्यावेत. झेप घेणाऱ्या काळविटाच्या एका फोटोपेक्षा हे पन्नास साधे फोटो ममदापूरच्या जास्त कामाचे आहेत, आणि ते काढायला कुणालाही पळवावं लागत नाही.