लहान महाविद्यालयीन ग्रंथालयांतील वेब-साधने : पार्श्वभूमी

महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संगणकीकरणाचा इतिहास सीडीएस-आयसिस या विनामूल्य मिळणाऱ्या नोंदी-व्यवस्थापनाच्या आज्ञावलीपासून सांगण्याचा प्रघात आहे. एक ग्रंथपाल आणि एक-दोन परिचर यांच्यावर चालणाऱ्या ग्रंथालयांच्या दृष्टीने मात्र २००९ नंतरचा काळ अधिक महत्त्वाचा, कारण त्या वर्षी गांधीनगरहून मिळणाऱ्या ‘सोल’ या ग्रंथालयीन आज्ञावलीची दुसरी आवृत्ती आली; ती युनिकोड (देवनागरीसह सर्व लिप्यांची संगणकीय संकेतप्रणाली) आणि मार्क २१ (सूचीनोंदींचा प्रमाणित नमुना) सांभाळणारी होती.

पुढे महाविद्यालयाच्या ‘नॅक’ मूल्यांकनासाठी द्यायच्या स्वयं-अध्ययन अहवालात आज्ञावलीचे नाव, आवृत्ती, संगणकीकरणाचे वर्ष आणि स्वरूप ‘पूर्ण की अंशतः’ असे रकाने आले, आणि खरा घोळ ‘पूर्ण’ या शब्दाने घातला. दाखल नोंदवहीतील प्रत्येक पुस्तक संगणकात चढवले, पण देवघेव अजून कार्डावरच चालते, ते ग्रंथालय पूर्ण की अंशतः? देवघेव बारकोडने होते, पण नोंदी फक्त क्रमिक पुस्तकांच्याच झाल्या आहेत, त्याचे काय? (वर्ष आज्ञावली घेतल्याचे लिहायचे की शेवटचा बारकोड चिकटवल्याचे, यावरही दोन मते असतात.) गुणांचा प्रश्न असल्याने शंकेचा फायदा बहुधा ‘पूर्ण’ला मिळाला, आणि त्यात वाचकाच्या शोधाकडे दुर्लक्ष झाले. मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी अनेक ठिकाणी रोमन लिपीत आहेत. शीर्षकातला ‘ज्ञ’ एकाने डी-एन-वाय असा, दुसऱ्याने जे-एन असा टंकलेला असतो, आणि विद्यार्थी जी-वाय असे टाकून पुस्तक नाही म्हणून परत जातो. ओपॅक, म्हणजे वाचकाने स्वतः शोधायची संगणकीय सूची, असतो, पण बहुधा वाचनकक्षातील एकाच संगणकावर.

‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीचा जन्म नेमका याच्या उलट गरजेतून झाला. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती आणि शाखा दूरध्वनीच्या तारांनी जोडलेल्या होत्या. म्हणून ब्राउझरमध्ये चालणारी ही मुक्त प्रणाली जानेवारी २००० मध्ये सुरू झाली. आपल्याकडे ती विनामूल्य असूनही लिनक्स आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस नसल्यामुळे अनेकांना पेलली नाही. मग ब्लॉगवर नव्या पुस्तकांची यादी, गुगल साइट्सवर ग्रंथालयाचे पान, मागणीसाठी गुगल फॉर्म, असा फुकटातला संसार उभा राहिला. तो परक्याच्या जागेत होता, हे ब्लॉगांवरच्या नव्या नोंदी एकत्र वाचण्याची सोय देणारे गुगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झाल्यावर त्यावर विसंबलेल्यांना कळले.

महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके वाचायला देणारी ‘एन-लिस्ट’ ही योजना २०१० पासून होतीच. प्रत्येक सदस्याला स्वतंत्र पासवर्ड आणि कुठूनही वाचनाची मुभा. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा हे विसरलेले पासवर्ड व्हॉट्सअॅपवर मागितले जाऊ लागले. परदेशी नियतकालिकातला लेख घरबसल्या उघडत होता. आपल्याच ग्रंथालयाच्या कपाटात अमुक पुस्तक आहे का, हे घरून पाहण्याची सोय मात्र अहवालात ‘पूर्ण’ लिहिलेल्या कित्येक ठिकाणी नव्हती.