पाचवी फेरी पहिल्यासारखी : हॅचबॅक स्पर्धेसाठी तयार करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

"दादा, पहिल्या फेरीला गाडी उडते आणि तिसऱ्या फेरीला मरते." रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर येतं. गाडी बहुतेक वेळा पोलो जीटी टीएसआय असते. कधी बलेनो आरएस, कधी आय२० एन लाइन, हल्ली अल्ट्रोझ रेसर. मालक ठाण्याचा, ऐरोलीचा नाहीतर खारघरचा. आठवडाभर ऑफिस, आणि वर्षातले तीन-चार रविवार ऑटोक्रॉस (मैदानावर शंकू मांडून घड्याळ लावून घेतलेली स्पर्धा) किंवा ट्रॅक डे. मॅप (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले बदललेले आकडे) कुठून तरी आधीच मारून आणलेला असतो, कागदावर हॉर्सपॉवर भरपूर असते, आणि तरी मैदानावर मांडलेल्या शंकूंमधून तिसऱ्यांदा जाताना गाडीत दम उरलेला नसतो.

हे पत्रक अशा मालकांसाठी आहे. आम्ही काय करतो, कोणत्या क्रमाने करतो आणि कशाला नाही म्हणतो, हे काम सुरू होण्याआधीच तुम्हाला माहीत असावं. आमचा हिशोब एकच आहे. पाचवी फेरी पहिलीइतक्याच वेळात लागली पाहिजे. त्यासाठी पाच-सात हॉर्सपॉवर सोडाव्या लागल्या तर आम्ही सोडतो, आणि तसं तुम्हाला आधी सांगतो.

आधी गाडी बघू

पहिला अर्धा दिवस लॅपटॉप उघडत नाही. आधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतो. आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते आम्हाला बघायचं असतं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-बारा टक्क्यांहून खाली असेल तर मॅपचं काम तिथेच थांबतं. मग इनटेकमध्ये धूर सोडतो. टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) थ्रॉटलपर्यंत एखाद्या होजला चीर असेल किंवा क्लॅम्प सैल असेल तर तिथून धुराची बारीक रेघ निघते. अशा गाडीत दाबलेली हवा गळत राहते, ती भरून काढायला टर्बो जास्त फिरतो, आणि जास्त फिरला की जास्त तापतो. तिसऱ्या फेरीला मरणाऱ्या काही गाड्या आमच्याकडे नुसता एक क्लॅम्प बदलून बऱ्या झालेल्या आहेत. त्यांना आम्ही मॅपचे पैसे लावले नाहीत.

मग स्पार्क प्लग. काढलेला प्लग आम्ही तुमच्या हातात देतो आणि भिंगातून बघायला सांगतो. मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर फिकट तपकिरी छटा असेल तर इंजिन सुखात आहे. पण तिथे मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले आणि त्यात एखादा चमकणारा कण असला, तर तो कण अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणजे तुमच्या पिस्टनचा. आतमध्ये नॉकिंग होऊन (पेट्रोल अवेळी आपोआप पेटून) पिस्टन झिजायला लागला आहे. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका पोलोच्या दुसऱ्या सिलिंडरचा प्लग असा निघाला. मालकाला आवाज आला नव्हता, दिवा लागला नव्हता, गाडी रोज घोडबंदरहून महापेला जात होती. पिस्टन उघडून बघितला तर रिंगच्या खाचेची कड तुटलेली. तो प्लग आम्ही जपून ठेवला आहे. आलात की दाखवू.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनांत (पोलो टीएसआय, बलेनो आरएस, आय२० टर्बो) इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, म्हणून तेलाच्या वाफेचा कार्बन त्यांच्यावर थर धरतो. गाडी बरीच पळलेली असेल तर तो आधी काढावा लागतो. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारला की थर निघतो आणि व्हॉल्व्हला ओरखडा येत नाही.

मॅपमध्ये नक्की काय बदलतं

टर्बो किती दाब देईल, ठिणगी किती आधी पडेल, पेट्रोल किती जाईल आणि कुठल्या तापमानाला इंजिनाने स्वतःला आवरायचं, हे सगळं ईसीयूतल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या) तक्त्यांत लिहिलेलं असतं. कंपनी हे तक्ते देशभरच्या पेट्रोलसाठी आणि वेळेवर सर्व्हिसिंग न करणाऱ्या मालकांसाठीही बनवते, म्हणून त्यात बरीच सवलत ठेवलेली असते. रिमॅप त्या सवलतीतला काही भाग वापरतो. जुन्या १.२ लिटर पोलो जीटी टीएसआयची कंपनीची ताकद १०५ पीएस आणि टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. नुसत्या मॅपने टर्बो गाडीत साधारण २० ते ३० टक्के वाढ मिळते. पण त्या पोलोचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. त्या आकड्याला चिकटून मॅप केला तर ऑटोक्रॉसच्या सततच्या उठाबशीत क्लच आधी हात टेकतो. म्हणून आम्ही टॉर्क बराच खाली ठेवतो आणि ताकद वरच्या आरपीएमला देतो. कमी आरपीएमला भसकन टॉर्क दिला की गाडी चालवून बघताना मजा वाटते खरी, पण छोट्या टर्बो इंजिनात कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनवर सगळ्यात वाईट भार तिथेच येतो.

स्विफ्टवाल्यांना स्पष्ट सांगतो. टर्बो नसलेल्या १.२ लिटर इंजिनात रिमॅपने मिळणारी वाढ स्टॉपवॉचवर दिसत नाही. तो पैसा टायर, ब्रेक पॅड आणि अलाइनमेंटला लावा. गाडी मुळात हलकी आहे, आणि शंकूंच्या मैदानावर हलकी गाडी फार पुढे जाते.

नॉक, उष्णता आणि आमची एक चूक

ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरभर पसरण्याआधीच उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटलं की त्याला नॉक म्हणतात. नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू लगेच ठिणगी मागे ओढतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. इंजिनात शिरणारी हवा जितकी गरम तितकं हे लवकर होतं. फेरी संपवून गाडी रांगेत उभी राहते, इंटरकूलरवर (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी) वारा लागत नाही, बॉनेटखालची सगळी उष्णता त्यात मुरते, आणि पुढची फेरी सुरू होते तीच तापलेल्या हवेने. तिसऱ्या फेरीला गाडी मरते ती बहुतेक वेळा अशी.

हे आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात एक बलेनो आरएस डिसेंबरच्या सकाळी मॅप केली. लॉग (चालत्या इंजिनाच्या नोंदी) सुंदर आले, मालक खूश, आम्ही खूश. मे महिन्यात तो दुपारी स्पर्धेला गेला आणि दुसऱ्याच फेरीत गाडी बसली. लॉग पाहिला तर इनटेकचं तापमान सकाळच्या जवळजवळ दुप्पट आणि तिन्ही सिलिंडरची ठिणगी मागे ओढलेली. इंजिन शाबूत होतं, पण त्या मालकाचा वर्षभर वाट पाहिलेला रविवार आमच्यामुळे फुकट गेला. आम्ही पैसे परत केले आणि मॅप नव्याने केला. तेव्हापासून शेवटचा लॉग आम्ही भर दुपारी, गाडी तापवून, लागोपाठ पाच वेळा घेतो. पाचही रेघा एकावर एक बसल्या तरच गाडी देतो. तो कागद तुम्हाला मिळतो.

हे लॉग आम्ही डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र) घेतो. डायनो आमचा नाही, तासांवर भाड्याने घेतो आणि ते भाडं बिलात वेगळं दाखवतो. पाम बीच रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर गाडी ताणून आम्ही मॅप करत नाही, रात्री दोन वाजतासुद्धा नाही. डायनोचा आकडा चाकांवरचा असतो, तो कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कमीच येणार, घाबरू नका. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, आधी किती आणि नंतर किती, एवढंच बघायचं.

पेट्रोल

आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉक टाळायची क्षमता) चांगला, पण ते जाळायला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण वजनाने १४.७ ला १, तर या मिश्रणाचं साधारण १३.५ ला १. म्हणून जुना मॅप तसाच ठेवून चालत नाही, आणि जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या आम्ही हाताने दाबून तपासतो. ज्या पेट्रोलवर मॅप झाला तेच पेट्रोल स्पर्धेच्या दिवशी टाकीत हवं. प्रीमियम पेट्रोलवर मॅप करून घेतलात तर गावाबाहेरच्या पंपावर साधं भरून उतरू नका. १०० ऑक्टेनचा मॅप आम्ही शक्यतो देत नाही, कारण ते पेट्रोल स्पर्धेच्या ठिकाणी मिळेलच असं नाही.

ब्रेक

इथे काटकसर करू देत नाही. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तर भरपूर शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडची किमान पातळी ताजं असताना २३० अंश सेल्सिअसला उकळण्याची, पाणी धरल्यावर १५५ ची. फ्लुइड उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. स्पर्धेच्या आठवड्यात फ्लुइड बदलल्याशिवाय आमच्याकडून मॅप केलेली गाडी बाहेर जात नाही. पॅड जास्त तापमान सोसणारे घालतो. ते थंड असताना कमी धरतात, हे घरी जाताना लक्षात ठेवा.

कायदा, विमा आणि आमचा नकार

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे एमएच-०४ असो की एमएच-४३, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) आम्ही काढत नाही, सायलेन्सर पोकळ करत नाही, फटाके फोडणारा मॅप टाकत नाही. तुमच्या गाडीची मूळ फाइल आमच्याकडे जपलेली असते. स्पर्धा झाली की ती परत टाकून घ्या, त्याचे पैसे लागत नाहीत. फक्त स्पर्धेसाठीच ठेवलेली गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून न्या. कोईमतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक इथून हजार किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा तसंही तेच शहाणपणाचं.

गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यतीतलं नुकसान धरलेलं नसतं. कंपनीची वॉरंटी चालू असेल तर रिमॅपनंतर इंजिन-गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाऊ शकतो. हे दोन्ही मान्य असल्याची सही आम्ही घेतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. त्यासाठी गाडी हवी असेल तर कृपया आमच्याकडे येऊ नका. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटर स्पर्धांची नियामक संस्था) मान्यतेच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर आयोजकांकडून लायसन्स आणि हेल्मेटचे नियम आधी विचारून घ्या, आणि तुमच्या गटात कोणते बदल चालतात तेही. मॅप केल्यावर गाडी वरच्या गटात गेली, असं आम्ही पाहिलं आहे.

मैदानावर

फेरी संपली की इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं तसंच चालू द्या, म्हणजे टर्बोतलं तेल जागेवर जळत नाही. रांगेत बॉनेट उघडा. जमलं तर इंटरकूलरसमोर छोटा पंखा लावा. महागड्या किटपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. स्टेपनी, जॅक, चटया आणि डिक्कीतलं सामान बाहेर काढून ठेवा. प्रत्येक फेरीनंतर टायरची हवा बघा.

आमच्याकडे येताना

आरसी, सर्व्हिसिंगचा इतिहास, आणि तुम्ही नेहमी भरता त्या पंपाचं किमान अर्धी टाकी पेट्रोल असू द्या. आधी कुठे मॅप केला असेल तर ते लपवू नका, आम्ही कोणाला नावं ठेवत नाही. काम दोन दिवसांचं असतं. गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी सातच्या आत आणून ठेवा आणि चावी देऊन जा. रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी आम्हालाच सुरू करायचं असतं. टायमिंग चेन ढिली पडली असेल तर तिचा खडखडाट त्या पहिल्या दोन सेकंदांतच ऐकू येतो, आणि तुम्ही गाडी चालवत आलात तर तो वाटेतच विरून गेलेला असतो.